अर्धपोटीला मिताहारी म्हणू नये

बाई,

तुमच्या फोटोला घातलेला हार तुम्हाला मोठा होतो. शाळेच्या मंडळाच्या लोकांनी तो सीताबर्डीच्या बाजारातून खास करवून आणला. त्याला जरीचा गोंडा आहे, आणि तुमचा चेहरा तेवढा सोडून फोटो, फोटोखालचं टेबल आणि टेबलावरची उदबत्तीची राख एवढ्या सगळ्यांना तो पुरतो. जिवंतपणी कुणी असा हार घातला असता तर तुम्ही आधी विचारलं असतं, ही शेवंती माझ्या प्रयोगाच्या उंदरांना चालेल का. घालणारा तिथंच थिजला असता, आणि पुढचं भाषण टळलं असतं.

काल तुमची शोकसभा झाली. तिची हकीकत तुम्हाला सांगायची म्हणून हे लिहायला बसले आहे. तुमचं शिक्षण, तुमच्या पदव्या, कॉलेजातली तुमची नोकरी हे सगळं मंडळाच्या स्मरणिकेत येणार आहे, तेव्हा ते मी सोडून देते. तसंही ते तुम्हाला माहीत आहे.

मी तुम्हाला ‘बाई’ म्हणत आले ती थोरली नणंद म्हणून. कॉलेजातली मुलंही तुम्हाला बाईच म्हणत, ती मास्तरीण म्हणून. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, नणंद आणि मास्तरीण एकाच देहात म्हणजे आपलं काही खरं नाही. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला विचारलंत, "तुले उंदराची भीती वाटते काय वं?" मी वाटते म्हटलं. "मंग नणंदेची वाटनार नाही," असं म्हणून तुम्ही निघून गेलात. त्या वाक्याचा अर्थ मी अजून लावते आहे.

आपली खरी ओळख झाली ती रहाटापायी. आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लुगडी विणली गेली. पुरुष मागावर बसत, बायका आणि मुली रहाट फिरवून सुताच्या कांड्या भरत. माग विकला गेला, तुमचे भाऊ गिरणीत लागले, पण तुमच्या आईंनी रहाट ठेवला होता, माडीवर, कापड झाकून. तो तुम्ही एके दिवशी रिक्षात घालून कॉलेजात नेलात, सुताराकडून कापवलात आणि त्याच्या चाकाचं उंदरांना पळायचं चाक केलंत. संध्याकाळी आईंनी जो गोंधळ घातला तो अर्ध्या गल्लीनं ऐकला.

"माहा रहाट उंदराले देल्ला! काहून वं, त्याईले का आता लुगडं विनाचं हाय?"

"त्याईले पळाचं हाय, आई."

"पळाले जागा नाही का त्याईले? आपल्या घरात त पळतेत बिनचाकाचे!"

मग दुधाचा विषय निघाला. उंदरांना दूध देता हे आईंना कुणीतरी सांगितलं होतं. "उंदराले दूध, अन् आमाले चहा बी कोरा," असं त्या म्हणाल्या. तुम्ही शांतपणे म्हणालात, "सगळ्याइले नाही, आई. अर्ध्याइलेच हाय."

"मंग बाकीचे?"

"बाकीचे आपल्यासारखे."

तुमच्या संशोधनाचं इतकं थोडक्यात वर्णन नंतर मी कुठं वाचलं नाही, आणि धंद्यानं मुद्रितशोधक असल्यामुळे मला पुष्कळ काही वाचावं लागतं.

त्यानंतर मी तुमच्या उंदरांच्या खोलीत आले. वासाबद्दल काही लिहीत नाही, स्मृतिलेखाला ते शोभत नाही. एका भिंतीशी पोटभर खाणाऱ्यांचे पिंजरे होते: ज्वारी, डाळ, दूध. दुसऱ्या भिंतीशी ज्यांना फक्त ज्वारीच्या कण्या मिळत, त्याही पोट भरणार नाही एवढ्याच, त्यांचे. दोन्हीकडच्या काहींना चाक होतं, काहींना नव्हतं. खायला मिळणं आणि अंग हलणं या दोन गोष्टी शरीराच्या आतल्या कारभाराला कशा वळवतात, खाल्लेल्याचं पुढं काय होतं, एवढंच तुम्हाला बघायचं होतं. मला वाटलं होतं की उपाशी उंदीर कोपऱ्यात मलूल पडलेले असतील. पण आईंच्या रहाटाचं चाक तर अर्धपोटी उंदीरच फिरवत होते! थांबायचं नाव नाही. पोटभर जेवलेले तेवढे पळत नव्हते.

"हे उलटं कसं?" मी विचारलं.

"डोळे मिट," तुम्ही म्हणालात. "आता आवाज ऐक."

मी ऐकला. एक चाक एकसारखं फिरत होतं, घरघर घरघर, मध्ये श्वास नाही. दुसरं फिरायचं, थांबायचं, पुन्हा मनात आलं की फिरायचं.

"एकसारखं फिरतं ते उपाशी," तुम्ही म्हणालात. "खायची वेळ जवळ आली की जास्तच पळतं. ते अन्न शोधून राहिलं. चाक जागचं हलत नाही हे त्याला कुठं ठाऊक? पोट भरलेलं आहे ते खेळून राहिलं. पळणाऱ्याकडं काय बघतं वं, तो थांबतो का ते बघ."

मग तुम्ही चाकाच्या दांड्यावर बोट ठेवलंत. लाकूड तिथं गुळगुळीत झालं होतं. लहानपणी तुम्ही हाच रहाट फिरवत होतात, आणि तुम्हाला बघून शेजारपाजारचे म्हणत, पोरगी काय चपळ आहे, हात थांबत नाही. "हात कसा थांबंल?" तुम्ही हसून म्हणालात. "कांड्या भरून झाल्या की भाकर मिळे."

एवढंच. पुन्हा कधी तुम्ही तो विषय काढला नाहीत. आणि इतक्या वर्षांत मीही कधी विचारलं नाही की त्या अर्धपोटी भिंतीशी रोज उभं राहून त्यांचं खाणं मोजून कमी घालताना तुमच्या हाताला काय होत होतं. विचारायला हवं होतं. तुम्ही उत्तर दिलं नसतं, हे धरूनही.

आता उत्साहाची गोष्ट. राजधानी मुंबईला गेल्यापासून नागपुरात मोठ्या पाहुण्यांचा दुष्काळ पडला आहे. त्यामुळे एखादा सापडला की त्याला सोडत नाहीत, शाळा, गोरक्षण, वाचनालय असं करत दिवसभर फिरवतात. आपल्या वस्तीत ज्या मंडळाची शाळा आहे, त्याच्या मानद चिटणीसांना असा एक पाहुणा मिळाला. शाळा दाखवून झाली, आणि संध्याकाळपर्यंत वेळ उरला, म्हणून त्यांनी त्याला तुमच्या खोलीत आणायचं ठरवलं. तुम्ही मंडळाच्या शाळेत शरीरशास्त्राची व्याख्यानं देत होतात, तेव्हा नाही म्हणता आलं नाही. चिटणीसांचा निरोप आला: उंदरांना आज पाहुणे येईपर्यंत काही घालू नये, पाहुण्यांच्या शुभहस्ते घालू.

पाहुणे येतात तसे उशिरा आले. तोवर अर्धपोटी भिंतीशी असा घरघराट चालला होता की स्वागताचं भाषण चिटणीसांना ओरडून करावं लागलं. पाहुणे देहानं भरभक्कम होते. ते चाकासमोर उभे राहिले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वा! काय हा उत्साह! आणि यांना खायला काय?"

"कमी," तुम्ही म्हणालात. "पोट भरत नाही इतकं."

"बघा!" पाहुणे चिटणीसांकडे वळले. "पोट हलकं म्हणून पाय हलके. आणि हे पलीकडचे बघा, सुस्त."

"साहेब, तो उत्साह नाही. तो अन्न शोधतो आहे."

"अहो बाई, आपण सगळेच ते शोधतो आहोत," असं म्हणून पाहुणे हसले. मग सगळे हसले. मग त्यांनी शुभहस्ते चिमूटभर कण्या घातल्या आणि चाकं एकदम बंद पडली. पाहुणे म्हणाले, "खाल्लं की आळस आलाच." तुमच्याकडे मी बघितलं नाही, कारण मला हसू आलं असतं आणि तुम्हाला आलं नसतं.

त्या दिवसापासून चिटणीस तुमचे भक्त झाले. त्यांनी मंडळाच्या वार्षिक समारंभात तुमचं व्याख्यान ठेवलं. तुम्ही साध्या मराठीत सगळं सांगितलंत. अर्धपोटी उंदीर धावला की त्याच्या रक्तातली साखर चटकन उतरते, हे सांगितलंत, कारण शेपटीच्या टोकातून काढलेला थेंब तेच दाखवत होता, आणि दिसलं ते लपवणं तुमच्या रक्तात नव्हतं. पण पुढंही सांगितलंत की साखर उतरली म्हणजे तब्येत सुधारली असं नाही, त्याचं यकृत उघडून पाहिलं तर पिवळं, चरबीनं भरलेलं निघतं, स्नायू झडलेले असतात आणि पिल्लं जगत नाहीत. वर असंही म्हणालात की ही माझ्या एका खोलीतली गोष्ट आहे, यावरून जगाला शहाणपण शिकवू नका. शेवटचं हे वाक्य श्रोत्यांच्या लक्षात राहत नसतं.

छापील अहवाल आला तेव्हा त्यात जिथंजिथं तुम्ही ‘अर्धपोटी’ म्हणाला होतात, तिथंतिथं ‘मिताहारी’ होतं. यकृताला जागा मिळाली नव्हती. तुम्ही चिटणीसांना विचारलंत, तेव्हा ते ओशाळून म्हणाले, "बाई, अर्थ तोच. अर्धपोटी हा शब्द जरा कानाला टोचतो. देणगीदार बसलेले असतात."

अर्थ तोच! शास्त्रकारांनी ज्याला व्रत म्हटलं आणि आपल्या आईंनी ज्याला महिनाअखेर म्हटलं, ते चिटणीसांच्या लेखी एकच. मिताहारी माणूस भरलेल्या ताटावरून उठतो. अर्धपोटी माणसाचं ताटच उठून जातं. घरी येऊन तुम्ही तो अहवाल माझ्या पुढ्यात टाकलात आणि म्हणालात, "ही चूक तुझ्या धंद्यातली हाय वं. तूच दुरुस्त कर." मी म्हटलं, ही शुद्धलेखनाची चूक नाही, शुद्ध लबाडी आहे, आणि तिला खूण करायची पद्धत आमच्या धंद्यात नाही. आपण दोघी हसलो. तुम्ही थट्टेत बोलला होतात की खरोखर सोपवलं होतंत, हे मला त्या वेळी कळलं नाही. आता मी ते सोपवलं असंच धरून चालते.

कारण तो शब्द अहवालात स्वस्थ बसला नाही. मंडळाच्या शाळेतली बहुतेक पोरं आपल्याच आळीतली, विणकरांची. बऱ्याच घरांत सकाळी चूल पेटत नाही. तुम्ही मंडळाच्या मागं लागून मधल्या सुट्टीत त्यांना मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा सुरू करवला होतात. तुमच्या आयुष्यातलं सर्वात मोठं यश कोणतं असं कुणी विचारलं असतं तर तुम्ही तेच सांगितलं असतंत. आणि त्याच मंडळात आता कुजबुज सुरू झाली की बाईंच्याच संशोधनानं दाखवलं आहे, पोरांना फुटाण्यांपेक्षा कवायतीची गरज आहे.

इथं मला आपल्या भांडणाबद्दल लिहिलं पाहिजे, ते अर्धंच राहिलं म्हणून. व्यायाम ही जेवलेल्यांची करमणूक आहे असं माझं मत होतं. दुपारचं श्रीखंड जिरवायला जे ‘शुक्रवारी’ तलावाला फेऱ्या मारतात, त्यांनी खुशाल माराव्यात. आपल्या गिरणीतल्या माणसाला, दिवसभर उभं राहणाऱ्याला, वर दंड काढायला सांगणं म्हणजे थट्टा. तुम्हाला हे पटत नव्हतं. तुम्ही मला तुमच्या तिसऱ्या प्रकारच्या उंदरांबद्दल सांगायचात: लहानपणी अर्धपोटी ठेवलेले आणि मोठेपणी पोटभर खायला घातलेले. नुसतं खायला घालून पिंजऱ्यात बसवलं की ते पोटाशी चरबी धरायचे आणि त्यांची साखर उतरता उतरत नसे. खाणं आणि चाक दोन्ही दिलं, ते सावरत.

"उपाशी राहिलेलं शरीर भित्रं होतं वं," तुम्ही म्हणायचात. "मिळालं की साठवून ठेवते, उद्या मिळंल नाही मिळंल. त्याले आता रोज भेटनार हाय हे हातपाय हलवूनच पटवून द्यावं लागते. आधी ताट, मंग मैदान. पन मैदान पाहिजेच. गरिबाच्या पोराले खेळू द्या म्हणणं म्हणजे थट्टा नाही."

मी म्हणायचे, ठीक आहे, ताट आलं की मला कळवा, मैदानाचं मग बघू.

मग तुमचीच तपासणी झाली आणि तुमच्या लघवीत साखर निघाली. काडीसारख्या बाईला हा रोग कसा, म्हणून डॉक्टरही बुचकळ्यात पडले. हा खात्यापित्या घरचा रोग आहे असं ते म्हणाले. "चला," तुम्ही म्हणालात, "श्रीमंतीची एक तरी खूण घरात आली." मी लगेच तुमच्या तिसऱ्या प्रकारच्या उंदरांकडे बोट दाखवलं. तुम्ही मला फटकारलंत: उंदरावरून माणसाचा निकाल लावायचा नाही, तिथं मंडळातही नाही आणि इथं घरातही नाही. तरी दुसऱ्या दिवसापासून तुम्ही पहाटे तलावाला फेऱ्या मारायला लागलात आणि मला बरोबर ओढत नेलंत. मी वाटभर कुरकुर करायचे. तुम्ही माझ्या पुढं चार पावलं, वळून न बघता विचारत असायचात, "येऊन राहिली का वं?" त्या फेऱ्यांबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. माझे गुडघे आता दुखत नाहीत, हे मी मुद्दाम तुमच्यापासून लपवलं. तुम्हाला केवढा आनंद झाला असता, आणि वाद माझ्या हातून गेला असता.

शेवटी तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हाही एकदा आपलं हेच जुंपलं. तुम्ही दमून डोळे मिटलेत. मला वाटलं झोपलात. मग म्हणालात, "तू माझं अर्धंच ऐकून राहिली. अन् ते मंडळवाले दुसरं अर्धं ऐकून राहिले. पुरं ऐकनारं कोनी हाय का नाही?"

मी म्हटलं, उद्या सगळं ऐकते, आज पडा.

त्यानंतर सलग एक वाक्य बोलायची ताकद तुम्हाला आली नाही.

तुमचं तेरावं झालं आणि स्मरणिकेची मुद्रितं माझ्या टेबलावर आली. मंडळानं आमच्याच छापखान्यात काम दिलं, भाव बरा म्हणून. पहिल्या पानावर तुमचा फोटो. आत चिटणीसांचा लेख: ‘मिताहारी प्राण्यांवरील प्रयोगांनी बाईंनी सिद्ध केले की...’ आणि शेवटी मंडळाचा संकल्प. तुमच्या नावानं व्यायामशाळा काढायची. अल्पोपाहाराची योजना आता अनावश्यक असल्यानं ती व्यायामशाळेत विलीन करायची. फुटाणे डंबेल्समध्ये कसे विलीन होतात हे रसायन तुम्हाला तरी ठाऊक होतं का, बाई?

मी ‘मिताहारी’वर काट मारली आणि समासात ‘अर्धपोटी’ लिहिलं. प्रत्येक ठिकाणी. दुसऱ्या दिवशी चिटणीस छापखान्यात हजर.

"वहिनी, मूळ प्रतीत मिताहारीच आहे. मुद्रितशोधकानं मूळ प्रत बदलू नये, हा तुमचाच नियम."

"मूळ प्रत तुमची नाही, बाईंची. व्याख्यानाला मी समोर बसले होते."

"शब्दासाठी एवढं कशाला? आम्ही त्यांचं नाव दगडावर कोरतो आहोत."

"म्हणूनच. कागदावरचं खोडता येतं."

ते जरा चिडले. मग त्यांच्या नेहमीच्या गोड आवाजात म्हणाले, "रविवारी सभा होऊ द्या. आईंना व्यासपीठावर बसवणार आहोत. त्यांच्यासमोर वाद नको."

वाईट माणूस नाही तो. त्याला खरोखर तुमचं स्मारक हवं आहे. फक्त त्यात तुम्ही नसलात तर त्याला चालतं.

तर काल सभा. शाळेच्या पटांगणात मांडव. व्यासपीठावर खुर्च्या, मधल्या खुर्चीत आई, त्यांच्या गळ्यात हार, शेजारी मी. समोर देणगीदार आणि शिक्षक. त्यांच्यापुढं ओळीनं पोरं उभी, पांढऱ्या सदऱ्यांत. तुम्हाला मानवंदना म्हणून ती कवायत करत होती. पाहुणे येईपर्यंत चालू ठेवा असं मास्तरांना सांगितलं होतं, आणि पाहुणे येतात तसेच येत होते. हात वर, हात खाली, हात वर. बाजूच्या खोलीत जमलेल्यांसाठी चिवडा आणि पेढ्यांची ताटं झाकून ठेवलेली. त्यांचा वास पटांगणभर.

मी डोळे मिटले, बाई. आवाज ऐकला. एकसारखा.

चिटणीस बोलायला उभे राहिले. तुमचं कार्य सांगून झाल्यावर ते तुमच्या चारित्र्याकडे वळले. "बाई स्वतः बालपणापासून मिताहारी होत्या," ते म्हणाले. "एक चतकोर भाकरी, बस्स. त्यातूनच त्यांची ती अपार कार्यशक्ती..."

आईंनी माझ्याकडे मान वळवली. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्या नेहमी मोठ्यानं बोलतात. व्यासपीठावर ध्वनिक्षेपक होता.

"मिताहारी म्हंजे काय वं?"

सगळं मांडवभर ऐकू गेलं. चिटणीस थांबले. मला सौम्य उत्तर देता आलं असतं.

"जो आपल्या मर्जीनं थोडं खातो तो, आई. समोर असूनही."

"मर्जीनं?" आई म्हणाल्या. त्या उठल्या. हार खुर्चीच्या हाताला अडकला, तो त्यांनी काढूनच ठेवला. "कोन म्हनते मर्जीनं? माही पोरगी भाकर मागे. मी म्हनो, आंधी कांड्या भर. कांड्या भरल्यावर बी कधी असे, कधी नसे. ते उपाशी राहे गा, भाऊ. घरात नोहतं म्हनून राहे. तुमाले कोनं सांगतलं मर्जीनं?"

आई बसल्या नाहीत. त्यांनी समोर बघितलं. पोरांचे हात अजून वरखाली चालले होते, मास्तरांनी थांबा म्हटलं नव्हतं.

"अन् हे लेकरं काहून असे करून राहिले? जेवले का हे?"

तेव्हा मी ध्वनिक्षेपकापाशी गेले. भाषण लिहून नेलं होतं, ते वाचलं नाही. मी एवढंच म्हटलं की बाईंच्या खोलीत एकदा पाहुण्यांसाठी उंदरांचं खाणं थांबवून ठेवलं होतं, आज तसं करायला नको. आतली ताटं पोरांकडे जातील. मंडळाच्या सभासदांना आज मिताहाराची संधी आहे, आणि तो ताट समोर असूनही करायचा असल्यानं खराखुरा होईल.

थोडे लोक हसले. एक देणगीदार आधी हसले आणि मग उठून स्वतः ताट आणायला गेले, तेव्हा बाकीच्यांनाही उठावं लागलं. चिटणीसांनी पेढ्यांचं ताट धरलं, हेही लिहायला हवं. पोरांना वाढताना त्यांनी कुणाच्या हातावर कमी ठेवलं नाही.

एवढ्यानं सगळं मिटलं असं तुम्ही समजू नका. मी समजत नाही. फुटाण्यांचा निर्णय येत्या बैठकीत व्हायचा आहे. एका वेळच्या चिवड्यावर मंडळ दानशूर होतं, रोजच्या फुटाण्यांवर त्याला तत्त्वज्ञान सुचतं. बैठकीला मी जाणार आहे. आई म्हणतात, "मी बी येतो. तो मर्जीवाला भेटल ना तथी?" स्मरणिकेची मुद्रितं माझ्याच टेबलावर आहेत आणि माझ्या हाताखालून तो शब्द जाणार नाही. मालकांनी काम दुसऱ्या छापखान्यात जाईल अशी भीती घातली. मी म्हटलं, जाऊ द्या, तिथंही मुद्रितशोधक असेल, त्याला मी भेटते.

आणि व्यायामशाळेला मी विरोध करणार नाही. होय, बाई. बैठकीत मी तीही मागणार आहे, फुटाण्यांच्या जोडीला. आधी ताट, मग मैदान, पण दोन्ही तुमच्या नावानं, आणि पाटीवर हाच क्रम. तुमचं अर्धं मी ऐकत होतेच. काल दुसरंही ऐकलं. कसं, ते सांगून संपवते.

खाणं झाल्यावर पोरांना घरी जा म्हणून सांगितलं. कुणी गेलं नाही. पाहुणे तेवढ्यात आले, त्यांचं स्वागत सुरू झालं, आणि मांडवामागच्या मोकळ्या जागेत पोरं धावायला लागली. कुणी शिट्टी दिली नव्हती, ओळ नव्हती. स्वागताचं भाषण चिटणीसांना पुन्हा एकदा ओरडून करावं लागलं. आईंचा हात धरून मी मागं गेले आणि उभी राहिले. डोळे मिटले.

धावत होती, भांडत होती, पुन्हा धावत होती. आणि बाई, मध्येच थांबत होती.